हर्लिंगचा पहिला हंगाम, १८८७ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयर्लंडला राहायला आल्यापासून घरच्यांना आणि मित्रांना मी हर्लिंगबद्दल इतकं सांगत आलो आहे की आता प्रश्न तेच तेच येतात. बहुतेकांना पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचं कुतूहल असतं, कारण तिचा निकाल कुठेतरी वाचला की तो चुकीचा छापलाय असंच वाटतं. टिपरेरी १-१, गॉलवे ०-० (या दोन्ही आयर्लंडमधल्या काउंटी, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या), आणि १८८७ च्या स्पर्धेचा अंतिम सामना १८८८ मध्ये! सगळं बरोबर आहे. खाली सविस्तर लिहितो.

हर्लिंग म्हणजे नक्की काय? हॉकीच ना?

नाही. हॉकीत चेंडू जमिनीलगत राहतो. हर्लिंगमध्ये तो बहुतेक वेळ हवेत असतो. खेळाडू तो काठीने उचलतो, हातात झेलतो, वर उडवून टोलवतो, काठीच्या पसरट टोकावर तोलत धावतो. समोर एच अक्षराच्या आकाराचे खांब असतात. आडव्या दांडीखालून चेंडू गेला तर गोल, वरून गेला तर पॉइंट. विटीदांडू खेळलेल्या माणसाला उडवून टोलवण्याची ती लय लगेच ओळखीची वाटते, फक्त इथे समोरचा माणूस त्याच क्षणी तुमच्या दांड्यावर दांडा मारायला धावून आलेला असतो.

काठीला आयरिशमध्ये कमॉन म्हणतात, इंग्रजी बोलणारे हर्ली म्हणतात. चेंडूचं नाव स्लिटर. आत बुचाच्या लाकडाचा गाभा, वरून कातड्याचे दोन तुकडे शिवलेले. हा चेंडू पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा माझं लक्ष शिवणीकडे गेलं. क्रिकेटच्या चेंडूची शिवण बोटाला हलकी जाणवते. स्लिटरची कड चांगली उंच उठलेली असते, करंगळीच्या नखाने चाचपली तर बांधासारखी लागते. आजच्या स्लिटरचं वजन ११० ते १२० ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा बराच हलका. तरी तो अंगावर बसला की वळ उठतो, हे अनुभवाने सांगतो.

ही स्पर्धा कोणी सुरू केली?

गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनने. इथे सगळे तिला जीएए म्हणतात. १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी काउंटीतल्या थर्लस गावात, हेज हॉटेलमध्ये मूठभर माणसं जमली आणि संस्था स्थापन झाली. बैठकीमागची खरी धडपड मायकेल क्यूसॅक यांची. ते क्लेअर काउंटीचे, पेशाने शिक्षक. सरकारी नोकरीच्या परीक्षांची तयारी करून घेणारी शाळा ते डब्लिनमध्ये चालवत. अध्यक्षपदी मॉरिस डेव्हिन आले. हातोडाफेक, गोळाफेक अशा प्रकारांत नाव कमावलेला हा मोठा खेळाडू होता आणि खेळांचे पहिले लेखी नियम तयार करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. कॅशलचे आर्चबिशप टॉमस क्रोक यांनी आश्रयदाते व्हायला होकार दिला. डब्लिनच्या क्रोक पार्क या मैदानाला त्यांचंच नाव आहे.

क्यूसॅक यांच्याबद्दल एक गोष्ट मला नेहमी लागून राहते. ज्या माणसाने हे सगळं उभं केलं, त्याला १८८६ मध्येच चिटणीसपदावरून काढलं गेलं. त्यांचा स्वभाव तापट होता, भांडणं झाली, हे खरं. पण पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली तेव्हा ते पदावर नव्हते.

म्हणजे त्याआधी हर्लिंग नव्हतं?

होतं, आणि शेकडो वर्षांपासून होतं. १३६६ च्या किलकेनी कायद्यांत इंग्रज राज्यकर्त्यांनी आपल्या माणसांना हा खेळ खेळायला बंदी घातली होती. बंदी घालावी लागली, यावरूनच तो किती रुजला होता ते कळतं. कूहुलिन या वीराच्या दंतकथांमध्येही पोरवयात तो काठी-चेंडू घेऊनच फिरतो.

एकच एक असा खेळ मात्र नव्हता. दक्षिणेत उन्हाळ्यात रुंद काठीने खेळत, उत्तरेत हिवाळ्यात अरुंद काठीने. प्रत्येक भागाचे नियम वेगळे. १८८४ च्या ईस्टरला क्यूसॅक आपला डब्लिनचा संघ घेऊन गॉलवे काउंटीत किलिमोरच्या संघाशी खेळायला गेले, तेव्हा दोन्ही बाजूंच्या सवयी जुळेनात. त्यातच १८४५ पासूनच्या बटाट्याच्या महादुष्काळाने खेडीच्या खेडी ओस पाडली होती. माणसं मेली, जहाजांत बसून गेली. खेळायला पोरं उरली नाहीत तिथे खेळ कसा उरणार? म्हणून १८८७ ला मी खेळाचा जन्म मानत नाही. विझत आलेली चूल कोणीतरी पुन्हा फुंकली, तो हा हंगाम.

किती संघ खेळले?

नोंदलेले बरेच, प्रत्यक्ष मैदानात उतरलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. क्लेअर, गॉलवे, किलकेनी, टिपरेरी, वेक्सफर्ड ही नावं या हंगामाच्या कहाणीत येतात. कॉर्कसारख्या हर्लिंगवेड्या काउंटीत आपल्यातर्फे कोणत्या क्लबाने जायचं यावरच तंटा झाला आणि कॉर्क बाहेर राहिलं. काही ठिकाणी समोरचा संघ आला नाही म्हणून पुढे चाल मिळाली.

काउंटीचा संघ कसा निवडला?

निवडलाच नाही, आणि हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. आज काउंटीतल्या सगळ्या क्लबांतून चांगले खेळाडू निवडून संघ बांधतात. १८८७ मध्ये तसं नव्हतं. आधी काउंटीतले क्लब आपसांत खेळले, आणि जो क्लब जिंकला तोच काउंटीचं नाव घेऊन पुढे गेला. टिपरेरीतर्फे गेला थर्लसचा क्लब. गॉलवेतर्फे मीलिक, शॅनन नदीकाठचं लहानसं गाव. किलकेनीतर्फे टलरोन, वेक्सफर्डतर्फे कॅसलब्रिज.

म्हणजे ही राष्ट्रीय स्पर्धा म्हणजे खरं तर गावांच्या लढती होत्या. शेजारी शेतात राबणारी, रविवारी एकाच चर्चमध्ये बसणारी माणसं एका संघात असायची. मुंबईत पहिल्यांदा एखाद्या गावाचं कबड्डी मंडळ उतरल्यावर गावाला जे वाटत असेल, तेच मीलिकला वाटलं असणार असं मी धरून चालतो. पुढे १८९२ पासून काउंटीतल्या दुसऱ्या क्लबांचे खेळाडू घ्यायला परवानगी मिळाली आणि हळूहळू आजची पद्धत आली. क्लब मात्र अजूनही मुळाशी आहे. इथे माणूस स्वतःची ओळख आधी क्लबाने सांगतो, मग काउंटीने. आणि माणूस शक्यतो जिथे वाढला त्याच क्लबाकडून खेळतो.

स्पर्धा १८८७ ची, मग अंतिम सामना १८८८ मध्ये का?

उशीर झाला म्हणून. आणि उशिराची कारणं खेळाबाहेरची होती.

तो काळ जमिनीच्या लढ्याचा होता. कुळं आणि जमीनदार यांच्यात उघड संघर्ष चालू होता, खेड्यापाड्यांत पोलिसांची नजर होती. शेकड्यांनी तरुण एकत्र येतात अशा संघटनेवर ताबा कोणाचा, हा प्रश्न राजकीय झाला नसता तरच नवल. नोव्हेंबर १८८७ मध्ये थर्लसला जीएएचं अधिवेशन भरलं, तिथे सशस्त्र क्रांती मानणाऱ्या आयरिश रिपब्लिकन ब्रदरहुडच्या गटाने सूत्रं हाती घेतली. धर्मगुरूंचा गट सभा सोडून बाहेर पडला. संघटना उभी दुभंगली. जानेवारी १८८८ मध्ये पुन्हा सगळ्यांना एकत्र बसवून डेव्हिन यांना अध्यक्षपदी परत आणलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. अंतिम सामना ठरला १ एप्रिल १८८८ ला. तो ईस्टरचा रविवार होता.

फुटबॉलचीही तीच कथा. गेलिक फुटबॉलच्या पहिल्या स्पर्धेचा अंतिम सामना त्याच एप्रिलच्या शेवटी झाला, लिमरिकने लाऊथला हरवलं.

थर्लस अंतिम फेरीपर्यंत कसं पोचलं?

क्लेअरच्या संघाला हरवून, आणि मग किलकेनीच्या टलरोनला अर्लिंगफर्डमध्ये ४-७ विरुद्ध ०-० असं धुऊन. पहिल्या वर्षी प्रांतवार फेऱ्या नव्हत्या, जोड्या चिठ्ठ्या टाकून लागल्या होत्या. मन्स्टर, लेन्स्टर अशा प्रांतिक स्पर्धा पुढच्या वर्षीपासून आल्या.

अंतिम सामन्याला थर्लसचा कर्णधारच आला नाही, हे खरं आहे का?

खरं आहे. नेहमीचा कर्णधार डेनिस मार. प्रवासखर्च कोणी द्यायचा यावरून वाद झाला आणि तो आणि त्याचे काही साथीदार सामन्याच्या गावी, बर्रला, गेलेच नाहीत. त्यांच्या जागी दुसरे खेळाडू घेतले, आणि कर्णधारपद जिम स्टेपलटनकडे आलं. पहिला विजेता कर्णधार म्हणून आज त्याचंच नाव लिहिलं जातं.

काही जण ही गोष्ट हसण्यावारी नेतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. ही माणसं शेतकरी, मजूर होती. खेळायला पैसे मिळत नव्हते, आजही मिळत नाहीत. जीएए अजून हौशी संघटना आहे आणि काउंटीचे नावाजलेले खेळाडू सोमवारी सकाळी आपापल्या नोकरीवर हजर असतात. रेल्वेचं तिकीट स्वतःच्या खिशातून काढायचं की नाही, हा त्यांच्यासाठी खरा प्रश्न होता. मार मैदानात उतरला नाही म्हणून त्याचं खेळावर प्रेम कमी होतं, असं म्हणवत नाही.

अंतिम सामना कुठे झाला?

बर्र गावात, एका शेतात. हे गाव आज ऑफली काउंटीत येतं. तेव्हा त्याला पार्सन्सटाउन म्हणत. टिपरेरी आणि गॉलवे दोघांनाही सोयीचं पडेल असं ते ठिकाण. त्याच गावातल्या किल्ल्याच्या आवारात लॉर्ड रॉस यांनी १८४५ मध्ये उभारलेली ७२ इंची दुर्बीण होती, त्या वेळची जगातली सगळ्यात मोठी. मी बर्रला गेलो ते दुर्बीण पाहायला, आणि हर्लिंगचं तिथेच कळलं.

सामन्याचे पंच होते पॅट्रिक व्हाइट. शेतात ना प्रेक्षागृह ना कुंपण. दोन्ही बाजूंना प्रत्येकी २१ खेळाडू.

२१? मग पळायला जागा तरी होती का?

होती. त्या वेळच्या नियमांप्रमाणे मैदान २०० यार्ड लांब आणि १५० यार्ड रुंद असावं अशी अपेक्षा होती, आजच्या मैदानापेक्षाही मोठं. पण ४२ माणसं बहुतेक वेळ चेंडूभोवतीच गोळा होत. जमिनीवरूनच चेंडू टोलवायचा, झोंबाझोंबी करायची, रेटायचं. आज दिसणारे लांब झेल आणि सत्तर-ऐंशी मीटरवरून मारलेले पॉइंट त्या सामन्यात शोधू नका.

निकाल १-१ विरुद्ध ०-० म्हणजे काय?

आधी आजची रीत. पहिला आकडा गोलांचा, दुसरा पॉइंटचा. एक गोल म्हणजे तीन पॉइंट. २०२५ च्या अंतिम सामन्यात टिपरेरीने कॉर्कला ३-२७ विरुद्ध १-१८ असं हरवलं, म्हणजे ३६ विरुद्ध २१.

१८८७ च्या नियमात गोलाची पॉइंटमध्ये किंमतच नव्हती. ज्याने एक गोल जास्त केला तो जिंकला, समोरच्याचे पॉइंट कितीही असोत. गोल बरोबरीत असले तरच पॉइंट मोजायचे. त्याखाली आणखी एक पायरी होती, दंडगुणांची. बचाव करणाऱ्याने चेंडू स्वतःच्याच शेवटच्या रेषेबाहेर घालवला की समोरच्याला एक दंडगुण, आणि असे पाच दंडगुण मिळून एक पॉइंट. थर्लसच्या खात्यात त्या दिवशी एक गोल, एक पॉइंट आणि एक दंडगुण जमा झाला. मीलिकच्या खात्यात काहीच नाही.

आणखी एक फरक. पॉइंटसाठी तेव्हा गोलच्या दोन्ही बाजूंना थोड्या अंतरावर आणखी दोन खांब रोवलेले असत, ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये असतात तसे. १९१० मध्ये ते काढले.

तो गोल कोणी केला?

टॉमी हीलीने. हा कूलक्रूचा. अखिल आयर्लंड अंतिम सामन्यातला पहिला गोल करणारा म्हणून त्याचं नाव नोंदलेलं आहे. आज एका अंतिम सामन्यात पन्नास-साठ वेळा गुण होतात. त्या दिवशी एका माणसाच्या एका फटक्याने स्पर्धेचा निकाल लागला.

चषक कोणता मिळाला?

आजचा लिअम मॅकार्थी चषक तेव्हा नव्हताच. तो १९२३ मध्ये पहिल्यांदा दिला गेला, १९२१ च्या रखडलेल्या स्पर्धेसाठी, आणि लिमरिकच्या बॉब मॅकॉन्कीने तो उचलला. उशिरा अंतिम सामने खेळण्याची परंपरा किती जुनी आहे ते इथे दिसतंच.

हरलेल्या गॉलवेचं पुढे काय झालं?

वाट पाहिली. गॉलवेचं पहिलं विजेतेपद १९२३ च्या स्पर्धेचं. त्यानंतर थेट १९८०, मग १९८७ आणि १९८८ लागोपाठ, आणि २०१७. पहिल्या अंतिम सामन्यात खेळलेल्या काउंटीकडे आज पाचच विजेतेपदं आहेत. गॉलवेची माणसं मात्र हर्लिंगबद्दल बोलायला लागली की त्यांना थांबवावं लागतं.

१८८८ चा विजेता कोण?

कोणीच नाही, स्पर्धा पुरीच झाली नाही. आयर्लंडचे प्राचीन टेल्टन खेळ पुन्हा सुरू करायचे, त्यासाठी अमेरिकेतल्या आयरिश लोकांकडून निधी जमवायचा, म्हणून त्या वर्षी सप्टेंबरमध्ये पन्नासेक खेळाडू अटलांटिक ओलांडून गेले. दौरा आर्थिकदृष्ट्या फसला आणि बरेच खेळाडू तिकडेच राहिले. दुष्काळाने जे केलं त्याचीच ही लहान आवृत्ती. पुढची पुरी झालेली स्पर्धा १८८९ ची. ती डब्लिनने जिंकली.

नियम आजच्यासारखे कधी झाले?

टप्प्याटप्प्याने. १८९२ मध्ये संघ १७ जणांचा झाला आणि गोलाची किंमत पाच पॉइंट ठरली. १८९६ मध्ये ती तीन पॉइंटवर आली, ती आजतागायत तीनच आहे. १९१३ पासून संघात १५ खेळाडू.

आपल्याकडेही हेच झालं. खो-खो गावोगाव आपापल्या पद्धतीने खेळत होते; १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बांधले. नियम लिहिले गेले की खेळातली काही गंमत हरवते हे मला मान्य आहे, पण ते लिहिले नसते तर टिपरेरी आणि गॉलवे एका मैदानात उतरूच शकले नसते.

बायका खेळायच्या का?

त्या स्पर्धेत नाही. बायकांच्या खेळाला कमोगी म्हणतात आणि त्याची संघटना १९०४ ची. माझी मुलगी तेच खेळते.

कमॉन आणि आपली कमान, काही संबंध?

मला हा प्रश्न फार आवडतो, कारण मलाही तो पहिल्याच दिवशी पडला होता. आयरिश शब्द 'कॅम' म्हणजे वाकडा, त्यावरून वाकडी काठी ती कमॉन. आपली कमान फारसीतून आली, धनुष्य या अर्थाने. शब्दांची कुळं वेगळी, पण दोन्हीकडे वाक आहे खरा.

काठी कशाची करतात?

अ‍ॅश नावाच्या झाडाची, आणि तीही बुंध्याच्या अगदी तळाची. मुळं जिथे फाकायला लागतात तिथे लाकडाच्या रेषा आपोआप वळतात. तो वळलेला भाग काठीच्या पसरट टोकात यावा असा तुकडा कापतात. चांगल्या काठीवर बोट फिरवलं तर रेषा दांड्यावरून सरळ खाली येते आणि टोकाशी न तुटता वळते. रेषा आडवी तुटलेली दिसली तर ती काठी पहिल्या जोरदार टकरीत फुटणार. टोकाला पत्र्याची पट्टी ठोकतात, चिरू नये म्हणून.

या झाडावर सध्या संकट आहे. झाड शेंड्याकडून वाळवत नेणारी बुरशी २०१२ मध्ये आयर्लंडमध्ये सापडली आणि तेव्हापासून देशभर पसरली. आता बांबूच्या काठ्याही बाजारात आल्या आहेत. मुलीची काठी बांबूची आहे, चांगली आहे, टिकते. पण दोन अ‍ॅशच्या काठ्या एकमेकींवर आपटतात तेव्हा जो कोरडा आवाज येतो, तो बांबूतून येत नाही.

आज सगळ्यात जास्त विजेतेपदं कोणाकडे?

२०२५ पर्यंत किलकेनी ३६, कॉर्क ३०, टिपरेरी २९. युनेस्कोने २०१८ मध्ये हर्लिंगला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

मराठी माणसाचा या सगळ्याशी काही संबंध?

त्या पहिल्या हंगामाशी काहीही नाही, ओढून ताणून जोडणार नाही. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचे वडील मात्र मालवण तालुक्यातल्या वराड गावचे, हे तुम्हाला माहीत असेलच. आणि आता इथे वाढणारी आपली मुलं गावच्या क्लबांत हर्लिंग खेळतात, कारण शाळेतले बाकीचे सगळे तेच खेळतात.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर?

अंतिम सामना जुलैमध्ये क्रोक पार्कवर होतो, ८२ हजारांवर लोक मावतात, आणि तिकीट मिळणं कठीण असतं. त्यापेक्षा थर्लसला जा. सेंपल स्टेडियममध्ये मन्स्टर प्रांताचे सामने उन्हाळ्याच्या सुरुवातीला होतात. डब्लिन-कॉर्क रेल्वे थर्लसला थांबते, स्टेशनवरून मैदान चालत जाण्याइतकं जवळ आहे. हेज हॉटेल गावच्या चौकात आहे. आणि तेही जमलं नाही तर कुठल्याही गावात संध्याकाळी क्लबाच्या मैदानावर जाऊन उभे राहा. कोणीतरी तुमच्या हातात काठी देईलच.